देवाला चिकटलेल्यांची यादी कोणी करायची?

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात चौथ्या अध्यायाचे चौथे वचन जेमतेम एका ओळीचे आहे. यार्देन नदीच्या तीरावर मोशे इस्राएल लोकांशी अखेरचे बोलतो आहे. समोरच्या भूमीत आपले पाऊल पडणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. तो म्हणतो : तुम्ही, जे आपल्या परमेश्वराला चिकटून राहिलात, ते तुम्ही सगळे आज जिवंत आहात. अश्कनाझी प्रथेच्या सिनेगॉगमध्ये तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, वाचनासाठी पहिल्या माणसाला पुढे बोलावले की जमलेली मंडळी हे वचन मोठ्याने म्हणते. पंडित म्हणतो, दुकानदार म्हणतो, ज्याला हिब्रू अक्षरे धड लागत नाहीत तोही म्हणतो.

मोशेने त्या वाक्यात कोणालाच वगळलेले नाही. पुढच्या दोन हजार वर्षांत ज्यू धर्मपंडितांनी देवाच्या जवळिकीचे जे अर्थ लावले, त्यांतले काही वाचताना मन भरून येते. त्यांतल्याच काहींचा आज इस्राएलमधली धर्मसत्ता जो उपयोग करते, तो पाहून संताप येतो. देवाजवळ कोण आहे आणि कोण नाही हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला, पीठाला किंवा विद्वानांच्या वर्गाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हे मत बाहेरून आणून ज्यू परंपरेवर लादावे लागत नाही. ती परंपरा नीट वाचली तर तिच्यातूनच ते निघते.

आधी प्रसंग पाहू. या वचनाच्या लगेच आधी मोशे बआल-पौर या दैवताच्या प्रसंगाची आठवण करून देतो. गणना या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात ती कथा येते : शिट्टीम येथे लोक मवाबी स्त्रियांच्या नादाने परक्या दैवताच्या यज्ञांना जाऊ लागले, मरी पसरली, २४,००० माणसे मेली. फिनहासाने भाला उचलून एका पुरुषाला आणि एका स्त्रीला ठार मारले तेव्हा मरी थांबली, असे तिथे सांगितले आहे. त्या भाल्याबद्दल फिनहासाला देवाकडून करारही मिळाला. पण अनुवादात मोशे हा प्रसंग पुन्हा सांगतो तेव्हा भाल्याचे नावही काढत नाही. तो बोलतो ते फक्त टिकून राहिलेल्यांविषयी, ज्यांनी काही पराक्रम केला नाही अशा हजारोंविषयी. गणनेच्या कथेत हे लोक दर्शनमंडपाच्या दाराशी रडत उभे असलेले दिसतात, तेवढेच. धर्मासाठी शस्त्र उपसणारा तो देवाच्या अधिक जवळचा, असे आजकाल सगळ्याच धर्मांत मोठ्या आवाजात सांगितले जाते. म्हणून मोशेचे हे मौन मला फार मोलाचे वाटते.

चिकटणे म्हणजे नेमके किती चिकटणे, यावरही ताल्मूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मचर्चांच्या महाग्रंथात, एकमत नाही. सनहेद्रिन या भागात दोन मते शेजारी शेजारी नोंदवली आहेत. पहिल्या मताप्रमाणे बआलाला लागलेले लोक भांड्यावर घट्ट बसवलेल्या झाकणासारखे होते, आणि देवाला चिकटलेले मात्र एकमेकांना चिकटलेल्या दोन खजुरांसारखे, म्हणजे ओढले तर सुटतील असे. दुसरे मत याच्या अगदी उलट : बआलाशी जोडलेले बाईच्या हातातल्या सैल कंकणासारखे, देवाशी जोडलेले खरोखरच चिकटलेले. मूर्तिपूजकांची पकड आपल्या भक्तीहून घट्ट होती, असे म्हणू शकणारा पंडित ताल्मूदने गाळून टाकला नाही, हे मला विशेष वाटते.

खरी अडचण त्याच अध्यायात वीस वचने पुढे उभी राहते. तुमचा देव भस्म करणारा अग्नी आहे, असे मोशे चोविसाव्या वचनात सांगतो. मग अग्नीला चिकटायचे कसे? या एका प्रश्नाला ताल्मूदमध्ये दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली, आणि पुढचा सगळा इतिहास त्या दोन उत्तरांमधल्या ओढाताणीचा आहे.

पहिले उत्तर कतुबोत या भागात आहे. तिसऱ्या शतकातली गोष्ट. रब्बी एलाझार शिकवत होते की तोरा न शिकलेल्या अडाणी लोकांना मेल्यानंतर पुनरुत्थान नाही. त्यांचे गुरू रब्बी योहानान यांना हे पटले नाही. अशा लोकांविषयी तू असे बोलावेस हे त्यांच्या धन्याला, म्हणजे देवाला, आवडत नाही, असे त्यांनी शिष्याला सुनावले. एलाझारने आपली बाजू वचनांनी लढवून पाहिली, पण गुरूंना झालेले दुःख त्याच्याने पाहवेना. तेव्हा तो म्हणाला : गुरुजी, त्यांच्यासाठी मला तोरातच एक उपाय सापडला. आणि तो उपाय म्हणजे हेच आपले वचन. अग्नीला कोणी चिकटू शकत नाही हे खरे. पण जो आपली मुलगी विद्वानाला देतो, विद्वानाच्या वतीने व्यापार करतो, आपल्या मिळकतीचा लाभ विद्वानाला देतो, तो देवालाच चिकटल्यासारखा आहे.

हा अर्थ पुढे कायम झाला. सिफ्रे या जुन्या भाष्यग्रंथातही तो आहे, राशी या भाष्यकाराने तो घेतला, मायमॉनिडीजने तर देवाच्या आज्ञा मोजताना विद्वानांना चिकटून राहणे ही स्वतंत्र आज्ञा धरली. पण हा अर्थ कोणत्या क्षणी जन्माला आला, हे बहुतेक वेळा विसरले जाते. एका शिक्षकाने हजारो कष्टकऱ्यांना परलोकाबाहेर काढले होते आणि त्याच्या गुरूला ते सहन झाले नाही. त्यांना आत कसे घ्यायचे, या तळमळीतून हे स्पष्टीकरण आले. विद्वानांचा मोठेपणा सांगण्यासाठी ते आलेले नाही. आज कोणी त्याच स्पष्टीकरणाच्या आधारे, आम्ही विद्वान म्हणून देव आमच्याकडून, असे म्हणत असेल, तर तो रब्बी योहानान ज्या बोलण्याने दुखावले तेच बोलणे परत करतो आहे.

दुसरे उत्तर सोता या भागात आहे, आणि मला विचाराल तर ते अधिक थोर आहे. रब्बी हामा बर हनिना विचारतात : परमेश्वराच्या मागे चाला असे अनुवादाच्या तेराव्या अध्यायात म्हटले आहे, पण भस्म करणाऱ्या अग्नीच्या मागे माणूस चालेल कसा? त्याच्या वागण्यामागून चालायचे, असे ते सांगतात. त्याने आदाम आणि हव्वेला चामड्याची वस्त्रे करून घातली, तशी तू उघड्याला वस्त्रे दे. मम्रे येथे आजारी अब्राहामाला भेटायला तो आला, तसा तू आजाऱ्याला भेट. अब्राहाम वारल्यावर त्याने इसहाकाचे सांत्वन केले, तसे तू दुःखिताचे कर. त्याने मोशेला दरीत पुरले, तसे तू मृताला मूठमाती दे. तोराच्या सुरुवातीला देवाची कृपा आहे आणि शेवटीही कृपाच आहे, असे तिथेच पुढे रब्बी सिम्लाई म्हणतात, कारण आरंभी वस्त्रे आहेत आणि अखेरीस दफन. या चारांपैकी एकाही कामाला पांडित्य लागत नाही. कुळाचा दाखला लागत नाही. राशीनेही तेराव्या अध्यायातल्या चिकटण्याचा अर्थ असाच लावला आहे : मृतांना पुरा, आजाऱ्यांना भेटा, देव करतो तसे करा.

गूढवाद्यांचा मार्ग निराळा होता. तेराव्या शतकात कातालोनियातल्या जिरोनाचे नाहमानिडीज म्हणाले की चिकटलेला माणूस तोंडाने लोकांशी बोलत असतो, पण त्याचे चित्त त्या वेळीही देवासमोर असते. अठराव्या शतकात पोलंड-युक्रेनच्या खेड्यांत हसिदी पंथाचा प्रवर्तक बाल शेम तोव याच्या अनुयायांनी हीच ओढ प्रार्थनेत, गाण्यात, नाचण्यात आणली आणि विद्वानाच्या जागी त्सद्दिक, म्हणजे सिद्ध गुरू, आणून बसवला. सामान्य माणसाने त्याला चिकटायचे आणि त्याने देवाला. विल्नाच्या पंडितांनी १७७२ साली या पंथावर बहिष्कार घातला. त्याच विल्नाच्या गाओनचा, म्हणजे तिथल्या महापंडिताचा, शिष्य हायीम याने वोलोझिन येथे मोठी पाठशाळा काढली आणि उलट बाजूने सांगितले की तोरा म्हणजे देवाचा शब्दच असल्यामुळे तिचा अभ्यास करताना माणूस त्याला चिकटलेलाच असतो, निराळ्या भावावस्थेची गरज नाही. ही भांडणे रंगतदार आहेत, पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सारखीच झाली : सामान्य माणूस आणि देव यांच्यामध्ये कोणीतरी येऊन बसले. कुठे गुरू बसला, कुठे पाठशाळा.

मायमॉनिडीजचे तसे नाही, आणि त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण दोन्ही बाजू त्याचाच हवाला देतात. हा कॉर्डोबात जन्मलेला, इजिप्तमधल्या फुस्तातमध्ये स्थिरावलेला, १२०४ साली वारलेला वैद्य, धर्मशास्त्रकार आणि तत्त्वज्ञ. विद्वानांना चिकटा ही आज्ञा त्याने ग्रंथात घातली, आणि तरुणपणी ती त्याच्याच घरात शब्दशः पाळली जात होती. धाकटा भाऊ दावीद जवाहिराचा व्यापार करी आणि त्याच्या कमाईवर थोरला लिहीत बसे. दावीदचे एक पत्र कैरोच्या गेनिझात, म्हणजे सिनेगॉगच्या जुन्या कागदांच्या कोठारात, सापडले आहे. तांबड्या समुद्रावरच्या आयधाब बंदरातून त्याने ते भावाला लिहिले. वाळवंट तांड्याविना पार करून आलो, इथे निळीखेरीज विकत घेण्यासारखे काही नाही, म्हणून हिंदुस्थानकडे जायचे ठरवले आहे, घरच्यांना धीर दे, असा त्याचा मजकूर आहे. पुढे दावीद हिंदी महासागरात बुडाला. मागे विधवा बायको आणि लहान मुलगी राहिली. मायमॉनिडीजने अंथरूण धरले, ते वर्षभर. तो बाजारात कष्ट करी आणि मी निश्चिंत बसे, असे त्याने पुढे एका पत्रात लिहिले. त्या पत्रातही, इतक्या वर्षांनी, शोक ताजा आहे.

त्यानंतर तो वैद्यकीवर पोट भरू लागला. आपल्या धर्मसंहितेत त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे की मी तोरा शिकेन, काम करणार नाही आणि दानधर्मावर जगेन, असे जो ठरवतो तो देवाच्या नावाला कलंक लावतो. ११९९ साली त्याच्या ग्रंथाचा अनुवादक शमुएल इब्न तिब्बोन याने भेटीला येतो असे कळवले, तेव्हा मायमॉनिडीजने आपली दिनचर्या कळवून त्याला परावृत्त केले. सकाळी सुलतानाच्या वाड्यात कैरोला जायचे, दुपार उलटल्यावर भुकेने व्याकूळ होऊन परतायचे, तर ओसरी माणसांनी भरलेली : ज्यू आणि बिगरज्यू, थोर आणि सामान्य, न्यायाधीश आणि शिपाई, मित्र आणि शत्रू. जनावरावरून उतरायचे, हात धुवायचे, चार घास खाण्यापुरती त्यांची परवानगी मागायची आणि मग रात्रीपर्यंत, थकून आडवे पडल्या पडल्यासुद्धा, औषधे लिहून द्यायची. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात याच माणसाने म्हटले आहे की देवाच्या जवळिकीचे शिखर एकांतात, मन सर्वांतून काढून घेतल्यावर गाठता येते. त्या एकांताला तो फार मानत होता, यात शंका नाही. पण ओसरीतल्या माणसांना त्याने परत पाठवले नाही. रब्बी हामांच्या चार कामांपैकी आजाऱ्याला भेटणे हे काम तो रोज करत होता.

आता इस्राएलमधल्या चालू वादाकडे येऊ. १९४८ साली पंतप्रधान बेन-गुरियन यांनी पाठशाळांतल्या सुमारे ४०० विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सूट दिली. युरोपातल्या पाठशाळा नाझींनी बेचिराख केल्या होत्या. उरलेली ज्योत विझू नये ही भावना समजण्यासारखी होती. आज तशी सूट मिळू पाहणाऱ्या तरुणांची संख्या साठ हजारांच्या पुढे गेली आहे. २५ जून २०२४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठातल्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की या तरुणांना वगळण्याला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. सूट हवी असणाऱ्यांचा युक्तिवाद धार्मिक आहे : अभ्यास करणारे देवाला चिकटलेले आहेत आणि त्यांच्या अभ्यासानेच देशाचे रक्षण होते. ते मायमॉनिडीजचेच एक वचन दाखवतात, की लेवी वंश जसा लढाईपासून मुक्त, तसाच ज्याचे मन त्याला देवसेवेकडे ओढते तोही देवाचा वाटा आहे.

हा युक्तिवाद हलका नाही. पण त्या वचनात मायमॉनिडीज जगातल्या कोणत्याही माणसाविषयी बोलतो, एकेका माणसाच्या अंतःकरणाविषयी बोलतो. हजारोंच्या संख्येने जन्मतःच एका वर्गाला मिळणाऱ्या सवलतीविषयी तो बोलत नाही. ताल्मूदचा पाया असलेल्या मिश्ना या ग्रंथात तर असे आहे की आज्ञेने होणाऱ्या युद्धात नवरदेवाने शेजघरातून आणि नवरीने मांडवातून निघावे. आणि मोशेनेच रऊबेन आणि गाद वंशांना विचारले होते : तुमचे भाऊ लढाईला जातील आणि तुम्ही इथे बसून राहणार का? इस्राएलच्या युद्धांविषयी माझे आक्षेप पुष्कळ आहेत, त्या युद्धांत मरणाऱ्या पॅलेस्टिनी माणसांकडे डोळेझाक करून हे लिहीत नाही. पण ज्या देशात दुसऱ्याच्या मुलाला सक्तीने सैन्यात जावे लागते, तिथे देवाची जवळीक सांगून आपले मूल घरी ठेवणे हा रब्बी एलाझारच्या उपायाचा विपर्यास आहे. त्या उपायात अडाणी माणूस विद्वानाला स्वखुशीने देतो. राज्याने कर लावून, दुसऱ्याच्या जिवाची किंमत देऊन विद्वानाला पोसावे, असे त्यात कुठेही नाही.

मराठी वाचकाचा या वचनाशी थेट संबंध येतो तो कोकणात. आयुष्याच्या अखेरीस फ्रान्समधल्या लुनेल गावच्या पंडितांना लिहिताना मायमॉनिडीजने हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख केला आहे : ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, याखेरीज त्यांना धर्मातले काही ठाऊक नाही. हे वर्णन अलिबाग, नवगाव, पनवेल, पेण या भागातल्या बेने इस्राएलांना चपखल बसते. तेलाचा घाणा चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यापाशी शतकानुशतके ना तोराची गुंडाळी होती, ना ताल्मूद, ना रब्बी. शेमाची, म्हणजे देव एकच आहे असे सांगणारी, प्रार्थना तेवढी तोंडी राहिली; ती जन्माला म्हणायची, लग्नाला म्हणायची, मरणालाही म्हणायची. दावीद रहाबी नावाचा ज्यू शिक्षक बाहेरून त्यांच्याकडे आला तेव्हाची एक आख्यायिका समाजात अजून सांगतात. त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी निवडून घेऊन बाकीची बाजूला सारली. तोरातला नियम त्यांच्या हाताला ठाऊक होता, पोथी नसताना.

विद्वानांना चिकटणे हीच देवाची जवळीक मानली, तर हे लोक कुठे बसतात? मुलगी द्यायला विद्वान नव्हता, व्यापार करून द्यायलाही नव्हता. तरी मलिद्याचे ताट मांडले जात होते : भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर फळे, आणि एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, गाणे. नवस फेडताना, लग्नाआधी, घरात काही शुभ घडल्यावर शेजारीपाजाऱ्यांसह ते ताट वाटले जाई. पुढे समाजाने मुंबईत १७९६ साली शआर हारहमीम म्हणजे दयेचे द्वार हे सिनेगॉग बांधले. १८४६ साली वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योसेफ, मोशे, एलिया यांच्या कथा मराठी कीर्तनातून सांगितल्या. हे सगळे एका तुटलेल्या, विसरलेल्या समाजाने स्वतःच्या बळावर केले. देवाला चिकटून राहणे याहून वेगळे काय असते, हे मला कोणी सांगावे.

हेच लोक इस्राएलला गेले आणि त्यांच्या जवळिकीचा पुरावा मागितला गेला. १९६१ साली तिथल्या मुख्य रब्बीपीठाने बेने इस्राएलांशी लग्न करण्यास हरकत नाही असे म्हटले, आणि १९६२ साली सूचना काढल्या की लग्न लावण्यापूर्वी वधूवरांच्या आईकडच्या पिढ्यांची, जितके मागे जाता येईल तितकी, चौकशी करावी. कारण दिले ते असे, की कोकणात रब्बी नसताना घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील याची खात्री काय? ज्यांना शतकानुशतके एकही विद्वान मिळाला नाही, त्यांच्यावर विद्वान न मिळाल्याचाच ठपका ठेवला गेला. पेण-पनवेलकडून गेलेल्या माणसाने आजीच्या आजीच्या लग्नाचा कागद कुठून आणायचा? १९६४ च्या उन्हाळ्यात समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये क्नेसेटला, म्हणजे इस्राएलच्या संसदेला, खास बैठक घेऊन बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत असे जाहीर करावे लागले. त्यानंतर रब्बीपीठाने सूचनेतून बेने इस्राएल हे नाव काढले आणि त्या जागी, ज्यांच्या कुळाविषयी शंका आहे असे सर्व, अशी शब्दयोजना केली. नाव गेले, चौकशी राहिली.

ती आजही आहे. इस्राएलमध्ये नागरी विवाह नाही. ज्यूंचे लग्न लावण्याचा अधिकार रब्बीपीठाकडेच आहे. इथिओपियाहून आलेल्यांना तिथे पुरावे मागितले गेले. सोव्हिएत संघातून आलेले आणि त्यांची मुले मिळून लाखो नागरिक रब्बीपीठाच्या मते ज्यू ठरत नाहीत, म्हणून देशात त्यांना लग्न करता येत नाही. सायप्रससारख्या परक्या देशात जाऊन ते लग्न करतात आणि मग तेच लग्न सरकारदरबारी नोंदवले जाते. या नागरिकांतले अनेक जण सैन्यात जातात, कर भरतात, आजाऱ्यांची सेवा करतात, मृतांना पुरतात.

रब्बींनी शिकवावे, सल्ला द्यावा, ज्याला त्यांच्या हातून लग्न लावून घ्यायचे असेल त्याचे लावावे. त्यात त्यांचा मान आहे आणि तो राहायला हवा. लग्नाची नोंदवही मात्र राज्याने त्यांच्या हातून काढून साध्या नागरी निबंधकाकडे द्यावी. हे करायला नवी धर्मव्याख्या लागत नाही. क्नेसेटमध्ये बहुमत लागते, आणि ते मिळवण्याचे धैर्य आजवरच्या एकाही सरकारने दाखवलेले नाही.